धोंडिबा वायरमन आणि मावळतीचं दार

ऐका हो ऐका! भोर शहर, उत्रोली, नसरापूर आणि थेट वेल्ह्याच्या डोंगरापर्यंतच्या तमाम सिनेमाप्रेमी जनतेस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते, की आमच्या थेटराचे मावळतीकडचे दार दसऱ्यापासून चालू खेळात आपोआप उघडत आहे. सदर दार भूत उघडत नाही. वारा उघडत नाही. बुकिंगच्या खिडकीत बसणारा इसम तर मुळीच उघडत नाही. मग कोण उघडतो, याचा तपास चालू असून तो पूर्ण होईपर्यंत प्रत्येकाने प्रत्येकावर नजर ठेवावी.

अशी दवंडी प्रत्यक्षात कुणी दिली नाही. द्यायला हवी होती, असं मला अजून वाटतं. साठ-सत्तरच्या त्या वर्षांत भोरात याहून गंभीर काही घडल्याचं निदान माझ्या खिडकीतून तरी दिसलं नाही. बुकिंगच्या खिडकीत बसणारा इसम म्हणजे अर्थातच मी. आणि तपास अधिकारी म्हणजे आमचा वायरमन, मुक्काम मूळचा पासली, तालुका वेल्हे, नाव धोंडिबा. भोरात त्याला सगळे सीआयडी म्हणत. तोंडावर म्हणत नसत, कारण तोंडावर म्हटलं की तो विचारी, "हे तुमाला कुनी सांगितलं?" आणि मग सुटका नसे.

उंच, वाळका माणूस. खाकी अर्धी चड्डी, कमरेला पक्कड, खांद्यावर पंचा. डावा डोळा उजव्यापेक्षा जरा बारीक, जणू दाराच्या फटीतून बघून बघून तसाच राहिलेला. त्या डोळ्यानं तो जगाकडं बघे, आणि जग काहीतरी लपवतंय याची त्याला खात्री असे. आठवड्याचा बाजार भरलेला स्वतः पाहिल्याशिवाय तो वारसुद्धा मान्य करत नसे. हॉटेलात चहा आला की कप शेजारच्यापुढं सरकवी. "आदी तुमी एक घोट घ्या." शेजाऱ्यानं घोट घेतला, आणि तो जिवंत दिसला, की मग धोंडिबा उरलेला चहा पिई. भोरातल्या पुष्कळ लोकांना त्यामुळं फुकटचा पहिला घोट मिळे, म्हणून तक्रार कुणी करत नसे.

कुठंही वायरिंगचं काम काढलं की तिथला फ्यूज काढून तो आपल्या खिशात घाली. "बटन बंद हाय" असं कुणी सांगितलं तर त्याचं ठरलेलं उत्तर: "बटन बंद हाय, पर मानसं चालू हायत की!" ही सवय चांगलीच, वायरमनचा जीव वाचवणारी. फक्त एकदा उत्रोलीच्या एका लग्नात तो दुरुस्ती अर्धी सोडून पंगतीला बसला आणि फ्यूज खिशातच राहिला. गोरज मुहूर्त. मांडव अंधारात. भटजी पाठ असलेलं म्हणत होते म्हणून मंगलाष्टकं तरी पार पडली; पण नवरीनं हार घातला तो मामाच्या गळ्यात. धोंडिबा एका हातानं जिलबी खात होता आणि दुसरा हात खिशावर होता. नवरीच्या बापानं फ्यूज मागितला तर म्हणतो, "तुमी नवरीचं बाप कशावरनं?"

त्याची एसटीची गोष्ट तर नसरापूरच्या स्टँडवर अजून सांगतात. भोरहून तो गावाकडं, वेल्ह्याला निघाला होता. बसायच्या आधी कंडक्टरला विचारलं, ही वेल्ह्याचीच ना? व्हय. ड्रायव्हरला विचारलं. व्हय. शेजारच्या म्हातारीला विचारलं. म्हातारी म्हणाली, "म्या वेल्ह्यालाच चाललेय, बाबा." नसरापूरला गाडी थांबली तेव्हा त्याच्या मनात आलं, की हे तिघं एकमेकांना सामील असले तर? तो खाली उतरला, गाडीच्या पुढं गेला आणि पाटी वाचू लागला. अक्षरओळख बेताची, त्यामुळं वाचायला वेळ लागला. कंडक्टरनं दोनदा हाक मारली. हाक मारतोय म्हणजे नक्की काहीतरी आहे, म्हणून हा आणखी बारकाईनं वाचू लागला. गाडी त्याला वळसा घालून निघून गेली. दुसऱ्या दिवशी थेटरात मला म्हणाला, "बगा बुकिंग, माजा संशेव खराच व्हता. ती गाडी वेल्ह्याची न्हवतीच. मला टाकून जायाची गाडी व्हती ती."

आता थेटराकडं वळू.

आमचं थेटर म्हणजे पत्र्याचं छप्पर, बाकड्यांच्या रांगा, मागं थोड्या खुर्च्या आणि वर माळ्यासारखी मशीनची केबिन. बाहेर पडायला दोन दारं, एक उगवतीला आणि एक मावळतीला. खेळ सुटला की ती उघडायची. दुखणं असं, की खेळ सुरू झाल्यावरही उघडायची. आतला गडी गाणं लागलं की हळूच कडी काढी आणि बाहेरचे त्याचे दोस्त अंधारात वाकून आत शिरत. डोअरकीपर श्रीपती बॅटरी घेऊन पोचेपर्यंत ते बाकावर बसून जुन्या प्रेक्षकांसारखे रडतही असत.

एक दिवस मालक आबासाहेब दोन मोठी कुलपं घेऊन आले. अंगानं भारदस्त, आवाजानं त्याहून भारदस्त.

"धोंडिबा, उद्यापासून खेळ सुरू झाला की दोन्ही दारांना बाहेरून कुलूप. किल्ल्या माझ्याकडं."

धोंडिबा शिडीवर चढून पंख्यात तेल घालत होता. तो खाली उतरला, पक्कड कमरेला खोचली आणि म्हणाला, "मग म्या उद्यापासनं येत न्हाई."

"का रे बाबा?"

"आग लागली तर?"

"लागली तर किल्ली आहे ना!"

"किल्ली तुमच्यापाशी. तुमी वाड्यात. आन् आग हितं."

आबासाहेब चिडले. हा अपशकुनी बोलतो, हा थेटर बंद पाडायला कुणाकडून तरी फूस घेऊन आलाय, असं काय काय बोलले. धोंडिबानं पंच्याला तेलाचे हात पुसले. मग खाली बघत, आम्हाला कुणालाच नव्हे असा, म्हणाला, "पासलीला माजा गोठा जळाला तवा कडी भाईरनं व्हती. वर खुंटी ठोकलेली. चोराच्या भयानं म्याच ठोकलेली. म्या वरल्या खाचरात. हरण्या हंबरत व्हता, त्ये वढ्यापल्याड ऐकू येत व्हतं. पळत आलो. तवर आवाज ऱ्हायला न्हवता."

हरण्या त्याचा बैल. एवढंच तो त्या विषयावर बोलला. आधी कधी नाही, नंतरही नाही. आबासाहेबांनी कुलपं एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मग फुकटे कसे थांबवू, ते तू सांग."

"थांबवतो. महिनाभर द्या."

त्या महिन्यात त्यानं जे केलं ते बघायला शाळेचे मास्तर येऊन गेले. भंगारातून लोखंडाचे जाड तुकडे आणले, जळक्या मोटारीची तांब्याची तार सोडवून त्यावर वेढ्यावर वेढे वळले आणि तीन विजेचे लोहचुंबक तयार केले. वीज असेपर्यंत घट्ट धरणार, वीज तुटली की सोडणार. बाहेरच्या दोन्ही दारांच्या चौकटीत एकेक बसवला आणि दारावर लोखंडी पट्टी. दार लावलं की पट्टी चुंबकाला टक्क करून चिकटे. मग आतून ढकला, बाहेरून ओढा, हलत नसे. वर दाराला लॉरीच्या दणकट स्प्रिंगा, अशा की चुंबकानं सोडलं की दार बाहेर फेकलं जावं. तिसरा चुंबक वर केबिनीत, उलट्या कामाला. केबिनीचं पत्र्याचं दार उकाड्यामुळं सतत उघडं ठेवावं लागे. ते यानं भिंतीशी धरून ठेवायचं. सोडलं, की लोंबत्या वजनानं दार धाडकन बंद होणार आणि आग केबिनीतच कोंडणार; कडी नसल्यानं ऑपरेटर मात्र ढकलून बाहेर येणार.

तिन्ही चुंबक एकाच लाईनीवर. लाईट गेली तरी चालावं म्हणून लॉरीची बॅटरी. मशीनच्या डोक्यावर, त्याच लाईनीत, उष्णतेनं वितळेल असा कथलाचा एक तुकडा. शिवाय श्रीपतीच्या स्टुलाजवळ एक लाल बटण. तुकडा वितळो नाहीतर बटण दाबो, लाईन तुटली की घंटा ठणाणणार, वरचं दार बंद आणि खालची दोन उघडी.

"ह्यात इस्वास कुनावरच ठेवलेला न्हाई," तो अभिमानानं म्हणाला. "कायबी बिगडलं तरी दार उघडंच ऱ्हानार."

आबासाहेबांनी दार ओढून बघितलं आणि अट घातली. "ठीक. पण चालू खेळात हे एकदा जरी आपोआप उघडायला लागलं, तर कुलूप. मग तुझं काही ऐकणार नाही."

फुकटे थांबले. थेटर सुरळीत चालू झालं. फक्त एक गोष्ट सगळ्यांच्या डोळ्यांवर आली. दर शुक्रवारी नवं चित्र लागायच्या आधी धोंडिबा दारांची परीक्षा घेई, आणि त्या वेळी आम्हा सगळ्यांना बाहेर काढी. झाडूवालीसुद्धा आत नको. घंटा वाजे, दारं धडाधड उघडत, आणि मग आतून त्याचं काहीतरी बोलणं ऐकू येई. कुणाशी? श्रीपतीचं म्हणणं, आत बाटली लपवलीय. आबासाहेबांना वाटे, मशीनच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या कांड्या चोरतोय. मला वाटे, मंत्र म्हणत असावा. जो सगळ्यांवर संशय घेतो, त्याच्यावर संशय घेण्यात एक वेगळीच मजा असते, आणि ती आम्ही कुणीच सोडली नाही.

असं चाललेलं असताना दसरा आला.

दसऱ्याच्या दुपारच्या खेळात, नायक शत्रूच्या गुहेत दबक्या पावलांनी शिरत असताना, मावळतीचं दार उघडलं. आवाज नाही, घंटा नाही. उन्हाचा पट्टा थेट पडद्यावर. नायक नाहीसा झाला. श्रीपतीनं धावत जाऊन दार लावलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

धोंडिबानं लाईन तपासली, बॅटरी तपासली, वेढे तपासले. सगळं ठीक. मग तो माझ्या खिडकीशी आला आणि बारीक डोळा आणखी बारीक करून म्हणाला, "बुकिंग, लाईन तुटली असती तर घंटा वाजली असती. घंटा गप. म्हंजी चुंबकानं सोडलं न्हाई. कुनीतरी पट्टीत काय खुपसून दार वढतंय. आबासायबांनी कुलूप लावावं म्हनून."

"कोण?"

"त्येच तर. तुमी व्हतात कुठं तवा?"

दुसऱ्या दिवसापासून त्यानं सापळा लावला. शेंदूर तेलात घट्ट कालवायचा आणि प्रत्येक खेळाआधी पट्टीवर माखायचा. जो कोणी तिथं बोटं घालील त्याची बोटं लाल होतील. मग सुरू झाली हात बघण्याची मोहीम. श्रीपती शनिवारी लाल बोटांनी कामावर आला. धोंडिबानं त्याचं मनगटच धरलं. "घावला!" श्रीपती ओरडला, "आरं, मारुतीला जाऊन आलोय! सोड, परसाद सांडंल!" तरी धोंडिबा मारुतीपर्यंत जाऊन पुजाऱ्याला विचारून आला. माझी बोटं तिकिटांवर मारायच्या शिक्क्याच्या शाईनं कायमच लाल; मला त्यानं साबण आणून दिला आणि समोर उभं राहून हात धुवायला लावले.

दार मात्र आता रोज उघडू लागलं. जेवढा संशय वाढे तेवढा शेंदूर वाढे, आणि दार तेवढं लवकर उघडे. हे आता लिहिताना सोपं वाटतं. तेव्हा आम्ही एकमेकांच्या हातांकडं बघत होतो. पट्टीकडं कोण बघतो?

राहिले कांबळे ऑपरेटर. शांत माणूस, नीटनेटका पांढरा सदरा, केबिनीत भिंतीवर बुद्धाचं आणि बाबासाहेबांचं चित्र, आणि बोलणं मोजकं. धोंडिबा शिडी चढून वर गेला. मी मागोमाग गेलो, मजा बघायला.

"कांबळे, हात दावा."

कांबळ्यांनी शांतपणे हात पुढं केले. स्वच्छ.

"लई सोच्छ हायत," धोंडिबा म्हणाला. त्याच्या लेखी हाही पुरावाच.

"धोंडिबा, शेंदूर आमी सोडला त्याला लई वर्सं झाली. आता तुमच्या दारापायी परत धरू व्हय?"

"मग खालचं दार उघडतंय, आन् तुमच्या केबिनीचं चुंबक कसं कवाच सोडत न्हाई? मशीनवाल्याच्या दाराला काय व्हत न्हाई, म्हंजी मशीनवालाच!"

कांबळे थोडा वेळ त्या केबिनीच्या चुंबकाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "प्रश्न खरा हाय." आणि रीळ चढवायला वळले. त्या तीन शब्दांनी धोंडिबाला रात्रीची झोप लागली नसणार.

रविवारी आबासाहेब स्वतः आले. मावळतीच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. मांडीवर कुलूप, कुलपात किल्ली. "आज उघडलं, की हे लागलं," एवढंच म्हणाले. धोंडिबानं त्यांच्या डोळ्यांदेखत पट्टीला शेंदराचा जाड हात फिरवला, दार लावलं आणि समोरच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला. त्याचा चेहरा मी बॅटरीच्या उजेडात पाहिला. सीआयडी वगैरे काही दिसत नव्हता. कडी पडायची वाट बघणारा माणूस दिसत होता.

पडद्यावर नायिकेची आई शेवटचे श्वास घेत होती. सगळं थेटर हुंदके देत होतं. आणि दार उघडलं. आबासाहेबांच्या पाठीमागं, हळूच, अदबीनं. आई उन्हात विरघळून गेली. दारात एक शेळी उभी होती. ती आमच्याकडं बघत होती आणि आम्ही तिच्याकडं.

आबासाहेब उठले. कुलूप उघडलं. वर कांबळ्यांनी मशीन थांबवलं.

"थांबा!" धोंडिबा ओरडला. "कुनी भाईर जायाचं न्हाई! समद्यांनी हात वर करा!"

आणि गंमत अशी, की पहिल्या बाकापासून शेवटच्या खुर्चीपर्यंत सगळ्यांनी केले. तो बॅटरी घेऊन रांगा फिरला. श्रीपती स्वच्छ. मी साबणानं धुतलेला. आबासाहेबांचेही हात त्यानं उलटेपालटे करून बघितले. तोवर कांबळे शिडी उतरून खाली आले होते. त्यांनी आपले हात दाखवले, आणि म्हणाले, "आता तुमचं दावा."

"माजं कशापायी?"

"समद्यांचं झालं. एकच मानूस ऱ्हायला."

धोंडिबानं हात पुढं केले. मनगटापर्यंत लाल. नखांत लाल. थेटर हसून हसून कोसळलं.

"माजं असनारच!" तो ओरडला. "म्याच तर लावतो!"

"कशावं?"

"पट्टीवं."

"माज्या केबिनीतल्या पट्टीवं लावलाय?"

"तुमी लावू देत न्हाई. खंडेनवमीला हळदकुकू बी लावू दिलं न्हाई..."

आणि धोंडिबाची मान पट्टीकडं वळली. कांबळे पट्टीशी गेले, पेचकस लावून खरवडलं. शेंदराचं पापुद्र्यावर पापुद्रा असं जाड कवच निघालं, मारुतीच्या अंगावरून निघावं तसं. त्याच्या खाली खंडेनवमीचं हळदकुंकू. आणि हळदकुंकवात घट्ट रुतून बसलेले अक्षतांचे दाणे. सगळ्या चुंबकांत हा पहिला वळलेला, त्याचा लाडका. म्हणून पूजा करताना याच्यावर अक्षता जरा सढळ हातानं पडल्या होत्या. पट्टी चुंबकाला टेकतच नव्हती. मधे शेंदूर, कुंकू आणि तांदूळ. चुंबक बिचारा लांबून धरत होता, स्प्रिंग ओढत होती, आणि चुंबक दमला की दार सुटत होतं.

कांबळ्यांनी रॉकेलच्या फडक्यानं पट्टी पुसली. दार लावलं. टक्क!

आबासाहेबांनी एका हातानं ढकललं. मग दोन्ही हातांनी. मग खांदा लावून. धोतराचा कासोटा सुटला, दार सुटलं नाही. ते धापा टाकत मागं झाले, उघड्या कुलपाकडं बघितलं आणि म्हणाले, "मग आता हे लावू कुणाला?"

धोंडिबानं ते त्यांच्या हातातून काढून घेतलं, बंद होतंय का ते दोनदा बघितलं, आणि फ्यूज ठेवायच्या खिशात टाकलं. ते पुन्हा कुणाला दिसलं नाही.

संध्याकाळी तो शिडी चढून चहाचा कप घेऊन केबिनीत गेला. माफी मागणं त्याच्या स्वभावात नव्हतं. कप पुढं केला, झालं. कांबळ्यांनी कपाकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, आणि कप परत सरकवला.

"आदी तुमी एक घोट घ्या."

धोंडिबा बदलला नाही, हे सांगायला हवं. स्वतःच्या हातांवर नवा संशय घ्यायला लागला, एवढाच फरक. दाराला हात लावण्याआधी तळवे उजेडात धरून बघे.

माझी थेटरातली नोकरी संपली तो शुक्रवार होता. पुण्याला दुसरी नोकरी लागली होती. निरोप घेऊन झाला, आणि छत्री शेवटच्या रांगेत राहिल्याचं आठवलं. आत गेलो, वाकलो, छत्री सापडली. आणि तेवढ्यात धोंडिबानं आत यायचं मागचं दार लावून घेतलं. परीक्षेची वेळ. मी आत आहे हे त्याला कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी ते कळू दिलं नाही. बाटली, कांड्या की मंत्र? इतक्या वर्षांचा संशय होता. मी खुर्चीमागं बसून राहिलो.

त्यानं तळवे पाहिले. उगवतीची पट्टी पुसली, मावळतीची पुसली. श्रीपतीच्या स्टुलाशी गेला आणि लाल बटण दाबलं. घंटा ठणाणली. वर पत्र्याचं दार धाडकन बंद झालं. दोन्हीकडची दारं बाहेर फेकली गेली आणि रिकाम्या बाकड्यांवर दोन्ही बाजूंनी उजेड आला. धोंडिबा दाराकडं बघत नव्हताच. तो पडद्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडं तोंड करून उभा होता. खांद्यावरचा पंचा त्यानं हातात घेतला, गुरं हाकताना फिरवतात तसा डोक्यावर गरगर फिरवला, आणि घंटेच्या वर आवाज काढून ओरडला:

"हाऽऽ! निघ रं हरण्या, निघ! दार उघडं हाय!"